चिकाच्या चेंडूवर हॅडोंचा शिक्का

मसलबरा,
१४ ऑक्टोबर १८५१

प्रिय निनियन,

अनेक आशीर्वाद. पश्चिम किनाऱ्यावरच्या नव्या गोल्फ क्लबात तुझे झाडाच्या चिकाचे चेंडू हातोहात खपतात हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. हेरिंग यंदा भरपूर. परवा कोळणींच्या गोल्फ सामन्यात इझबेल काकू जिंकल्या, आणि मासळी विकायची सोडून घरोघर तेच सांगत सुटल्या.

बाबा बरे आहेत.

आपले पिसांचे चेंडू हल्ली मी भरते. उंच टोपीभर उकडलेली पिसं, ती ठासायला एवढंसं शिवलेलं कातडं आणि छातीनं रेटायची ती सळई. तुला ठाऊकच आहे. बाबांनी सळई छातीला लावली की खोकला आवरत नाही. जन्मभर पिसांची धूळ हुंगली, दुसरं काय! गिऱ्हाईक सगळं तुझ्यासारख्या चिकाचे चेंडू करणाऱ्यांकडे वळलंय, म्हणून माझ्या एकटीवर भागतं.

"त्या चिकाच्या गोळ्याला मी जिवंत असेतो हॅडो घराण्याचं नाव लागायचं नाही," असं ओरडून बाबांनी भिरकावलेला तुझा चेंडू आठवतो? मी तो ओटच्या पिठाच्या डब्यामागे लपवला होता. सोमवारी नेमका त्यांच्या हाती लागला. मला वाटलं, गेला आता चुलीत. तर हातोडा घेऊन त्याच्यावर ठोके घालायला बसले.

"बाबा, अजून राग गेला नाही का?"

"राग कसला, ग्रिझेल! गुळगुळीत चेंडू हवेतून दगडासारखा खाली येतो. टवके उडालेला लांब जातो. मैदानावरच्या शेंबड्या पोरांना कळतं, तुझ्या दीडशहाण्या भावाला कळत नाही. सांग त्याला, सगळीकडून सारखे ठोके घाल म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

बराच वेळ खोकत राहिले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "आला तर सांगीन."

निनियन, वर 'बरे आहेत' लिहिलं ते खोटं आहे. डॉक्टर नव्या वर्षाचं नावच काढत नाहीत. मला फार भीती वाटते रे.

गाडीवानाच्या हाती तो चेंडू पाठवते आहे. फिरवून बघ. त्यावर बाबांनी स्वतः हॅडोंचा शिक्का मारलाय. मी हात धरायला गेले, तर धरू दिला नाही, म्हणून जरा तिरका उठलाय.

त्या चेंडूनं खेळू नकोस. तो खिशात घाल आणि मिळेल त्या गाडीनं नीघ. सळई मी आता कायमची खुंटीला अडकवली आहे. बाबा मला रात्रीसुद्धा दाराची कडी लावू देत नाहीत.

वाट बघणारी,
तुझी ताई ग्रिझेल