वरच्या पथारीवरचा टोला

ता. २८ नोव्हेंबर १९३७, नंदुरबार
मिरची वाळवायची पथारी मिळाली. वरची. लिलावात उत्तमराव हजर होता. मी त्याच्यापेक्षा चढं भाडं बोललो आणि मग निवांत त्याच्या तोंडाकडे बघितलं. मिरचीचा ठसका लागल्यासारखं झालं होतं. उत्तमराव म्हणजे माझा साडू, सौ.च्या थोरल्या बहिणीचा नवरा. पुढे नुसतं उ. लिहीन. त्याच्यावर एवढीच शाई पुरे.

आता उताराच्या वर मी, खाली तो. गेल्या साली उलट होतं. पाऊस पडला की पाणी कुठल्या बाजूला धावतं हे त्याला कोणी शिकवायला नको.

ता. १ डिसेंबर
गेल्या सालचं एकदा लिहून ठेवतो, म्हणजे राग पातळ व्हायचा नाही.

मिरची उघड्यावर वाळते. पौष-माघात मावठं कधी कोसळेल नेम नाही. म्हणून इथल्या पथाऱ्यांची जुनी रीत. वरच्या पथारीवर निंब आहे, त्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. पश्चिमेचं आभाळ वरूनच दिसतं, खालच्यांना कापसाच्या जिनची भिंत आड येते. वरच्यानं ढग पाहिला की रुळावर टोला द्यायचा. टोला ऐकला की सगळ्या पथाऱ्यांवरच्या बाया उठतात आणि आधी सगळ्यांत खालची पथारी झाकतात, मग तिच्या वरची. मिरची कोणाची, मजुरी कोणाची, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

गेल्या साली उ. वर होता, मी खाली. त्यानं ढग पाहिला. टोला दिला नाही. मुलाच्या जावळाचा गूळ वाटायचाय म्हणून माझ्या बायाही वर बोलावून घेतल्या, त्यांच्याच हातांनी आपली पथारी झाकून घेतली, आणि मग टोला. तोवर माझ्या मिरचीतून लाल पाणी वाहत होतं. पांढरी पडली, बुरशी धरली, उकिरड्यावर गेली. बाजारात माल कमी झाला, त्याचा चढ्या भावानं खपला.

हेही गिळलं असतं. पण नंतर "आपलाच माणूस" म्हणून मला त्यानं स्वतःच्या काट्यावर मिरची तोलायला बसवलं. आणि लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत: "रघुनाथले धंदामातला धोका वळखता येत नही. म्हनीसन काटावर बसाडा तेले." पंगत हसली. मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिलो. तो घास अजून घशात आहे.

ता. ६ डिसेंबर
कन्हैयालालशेठ भागीदार व्हायला तयार. म्हातारा हुशार. नफ्याचं एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "रघुनाथजी, कमाई बाद में देखेंगे. पहिले हे सांगा, डुबलो तर किती डुबणार?"

ठरलं असं: माल तीन जागी. एक हिस्सा शहाद्याला त्याच्या पुतण्याच्या आवारात, एक त्याच्याच वखारीत, एक माझ्या पथारीवर. पथारीभोवती चर खणायचे. खापर गावच्या बाजारातून बांबूच्या चटया आणायच्या आणि त्या ढिगाच्या शेजारीच ठेवायच्या, कोठीत नाही.

ही अक्कल मला उ.नं दिली. फी जबर घेतली एवढंच.

ता. १४ डिसेंबर
खाली उ.ची मिरची येऊन पडली. डोळे दिपतील एवढी. सगळी एकाच जागी, एकाच उतारावर. चर नाही. चटया कोठीत, कोठीला कुलूप. सबंध सालाची कमाई त्यानं त्या एका पथारीवर ओतलीय.

पान चघळत वर आला. "साडूभाऊ, रूळ तुन्हा झाडले शे. ध्यान ऱ्हाऊ दे."

लाज नावाची वस्तू या माणसाला देताना देव विसरला असावा. मी म्हटलं, माझं ध्यान आहेच. खोटं बोललो नाही.

दिवसभर एकच विचार. त्याला खात्री आहे की मी त्याच्यासारखं करणार नाही. हे कौतुक समजावं की माझ्यात तेवढी धमक नाही असं त्याला वाटतं? दुसरंच असणार.

ता. २० डि.
टोला द्यायचाच नाही, असं मनात होतं. साधं. त्याचंच त्याला परत.

पण ठगूबाय. सगळ्या पथाऱ्यांवरच्या बायांची मुकादमीण. देठं खुडता खुडता, मान वर न करता म्हणाली, "गये साल काय व्हयनं ते बठ्ठास्ले माहीत शे. औंदा तुम्हीन रूळ नही वाजाडा, ते लोके तुम्हले आनि त्यास्ले एकच समजतीन."

बरोबर बोलली. माझ्या पथारीवर परत कोणी बाई पाय ठेवणार नाही. शेठही हात काढून घेईल. सूड घेतानासुद्धा डुबलो तर किती डुबणार ते आधी बघायला हवं. माझं काही डुबू नये आणि त्याचं काही वाचू नये, असं काहीतरी

(पुढे सुचलं नाही.)

ता. २९ डि.
सुचलं.

सकाळी पश्चिमेला कापसाच्या पेळूसारखा पांढरा ढग. त्यातून पाणी पडायचं नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी टोला दिला. बाया धावल्या, खालपासून वरपर्यंत सगळं झाकलं. ऊन लख्ख. अर्धा दिवस मिरची चटयांखाली. उ. शिव्या देत चढ चढून आला. मी शांतपणे म्हटलं, "चुकलं तर चुकलं, उशीर नको. गेल्या सालापासून मी फार सावध झालोय."

पान थुंकून तो खाली उतरला. पंगतीनंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

ता. ५ जानेवारी १९३८
परत टोला. परवाही दिला होता. ढग होते, नाही असं नाही. अर्धवट वाळलेली मिरची झाकली की आतून घामेजते. उ.च्या ढिगांत काळे डाग दिसायला लागले. माझ्याही थोडे. पण माझा इथे तिसराच हिस्सा आहे, त्याचं सगळंच. हा हिशेब मला गोड लागतो.

शेठ येऊन गेला. चष्म्यावरून बघत म्हणाला, "इतनी बार बजाओगे तो लोग सुनना छोड देंगे." मी म्हटलं, काळजी नको. मनात म्हटलं, शेठ, तेच तर पाहिजे.

ता. ११ जाने.
ठगूबायनं बातमी आणली. उ.नं आपल्या राखणदाराला आणि बायांना बजावलंय, "तो येडा व्हयेल शे. मी सांगस नही तवलोंग कोनी उठानं नही. टोला वाजो नहीते काही वाजो."

पुन्हा सांग म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं.

जमलं. आता खरं मावठं येईल तेव्हा मी टोला देईन. सगळं नंदुरबार ऐकेल. रीत मी पाळलेली, मोडली त्यानं. माझ्या अंगावर शिंतोडाही नाही. गेल्या सालच्या त्याच्या सुडापेक्षा (सूड कसला, मी त्याचं काय केलं होतं?) माझा किती तरी नीटनेटका. धोका कोणाला ओळखता येत नाही ते पंगतीला कळेल.

ता. १४ जाने., संक्रांत
घरात भांडण. तीळगूळ घेऊन जिजी आल्या, सौ.ची बहीण, उ.ची बायको. मी तीळगूळ घेतला, बोललो नाही. त्या गेल्यावर सौ. चुलीपुढे बसून बोलायला लागली. "तुम्हीन रूळ कसाले वाजाडतस ते माले समजत नही का? जिजीन्या पाटल्या शेतस त्या मिरचीमा. माहेरन्या. मन्ही मायन्या."

म्हटलं, पाटल्या नवऱ्याच्या हातात द्यायच्या आधी तो हात कसला आहे ते बघायचं होतं.

ती म्हणाली, "जिजीनी तुम्हनं काय बिघाडं?"

काही नाही. पंगतीत वाढायला जिजीच होत्या. सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. तुपाचं भांडं ठेवून आत निघून गेल्या. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. माणूस सूड एकट्यावर घ्यायला जातो, तर तो आपलं सगळं घर बरोबर घेऊन उभा असतो. त्याला मी काय करू? माझ्या मिरचीबरोबर माझं घर उकिरड्यावर गेलं तेव्हा सौ.च्या पाटल्याही मोडल्याच ना? तिलाही ते आठवत असेल. 

ता. २० जाने.
आज माझ्याच बाया रेंगाळत उठल्या. एक तर बसूनच राहिली. रागावलो तर ठगूबाय, "हात आग करतस, भाऊ. दर दोन दिनले चटया टाका, चटया काढा. बायाच शेतस, भिंगऱ्या नहीत."

माझं मलाच नडायला नको. उद्यापासून माझ्या पथारीसाठी वेगळी व्यवस्था: ढग दिसला की टोल्याच्या आधी गुपचूप आपलं झाकून घ्यायचं, मग टोला.

(लिहिल्यावर वाचलं. हे तर हुबेहूब गेल्या सालचं उ.चं. असू दे. फरक आहे. मी टोला देणार आहे.)

ता. २७ जाने.
आभाळ कोरडं. रोज सकाळी उठून पश्चिम बघतो. ढगाची वाट बघणारा मिरचीवाला नंदुरबारात मी एकटाच असेन. खाली उ.ची मिरची उत्तम वाळत आली. अजून आठवडाभर ऊन मिळालं तर पोती भरील आणि सुटेल. झोप नाही. जेवणात लक्ष नाही. सौ. पानात वाढते आणि उठून जाते.

ता. १ फेब्रुवारी
उ. शहाद्याला गेला, गिऱ्हाईक बघायला. जाताना मुद्दाम माझ्या पथारीवरून गेला, मुद्दाम रुळाला टिचकी मारली. "परवा पोता भरस मी. मंग वाजाड तुले जितलं वाजाडनं शे तितलं." राखणदाराला खाली बजावून गेलाय. पथारीवर जिजी बसणार.

उद्या-परवा आलं नाही तर संपलं. आयुष्यात पहिल्यांदा पाऊस मागतोय, मिरचीच्या दिवसांत.

ता. २ फेब्रु. दुपार
आलंय. पश्चिमेला काळंभोर. वारा अगदी पडला. हा काही पेळूसारखा ढग नव्हे.

आमचं झाकून झालं. मग टोला दिला. खांदा भरून येईपर्यंत देत राहिलो. कोणी काही म्हणायला नको. मधल्या पथाऱ्या कुरकुरत उठल्या, आपापलं झाकायला लागल्या. सगळ्यांत खाली कोणी हललं नाही. बाया देठं खुडत बसलेल्या. राखणदार बिडी ओढतोय. जसं मनात आणलं होतं, रेघेची चूक नाही.

जिजी उठून बायांना काही सांगताना दिसल्या. राखणदारानं नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी ठगूबायला वर पाठवलं. धापा टाकत आली. पोचल्यावर आधी आभाळाकडे बघितलं. मग निरोप सांगितला.

"जिजी इचारस, जवाईबापू, आज खरं शे का आजबी तसंच? राखणदार म्हनस धनीना हुकूम शे. जिजी म्हनस, उगाच झाकाडं आनि माल घामेजना, ते धनी येईसन जिजीले फाडी खाई. तुम्हीन चिठ्ठी द्या. तुम्हनी सहीनी. राखणदारले दखाडतीन, मंग धनीले. तुम्हीन लिव्ही दिधं ते त्या खरं समजतीन."

मी म्हटलं, तू तर बघतेस आभाळ. सांग ना खाली जाऊन.

"मन्हं कोन ऐकस तठे? आनि तुम्हना रूळनं बी आते कोनी ऐकत नही. लिव्ही द्या."

म्हणून वही उघडली. दौत घेतली. ठगूबाय समोर उभी आहे, पदरानं घाम टिपते आहे. तिला वाटतंय चिठ्ठी चाललीय. लिहिणाऱ्याला घाई करू नये असं कोणी तरी तिला शिकवलेलं दिसतं.

एका ओळीचं काम आहे. खरं आहे, झाका, र. पाटील. अजून झाकून होईल. चटया कोठीत आहेत, किल्ली राखणदाराकडे, बाया पुष्कळ आहेत, वरून माझ्याही जातील. अर्धी तरी वाचेल. मी वहीच लिहीत राहिलो तर अर्धीही नाही, आणि कोणी बोट दाखवू शकणार नाही. टोला मी दिला. साऱ्या गावानं ऐकला.

आनंद व्हायला हवा. होतोय. 

उ.चं तोंड डोळ्यांसमोर आणतोय, पोत्यांची गाडी घेऊन परत येईल तेव्हाचं. येतच नाही डोळ्यांसमोर. सालभर रोज येत होतं.

जिनच्या भिंतीवरचं ऊन गेलं. खाली जिजी पथारीच्या मधोमध उभ्या आहेत, लाल मिरचीत, कपाळावर हात आडवा धरून. त्यांना आभाळ दिसत नाही तिथून. माझ्याकडे बघताहेत.

ठगूबाय विचारते, "व्हयनं का लिव्हीसन?"

अजून नाही, म्हटलं.