टीव्हीनं पुसलेली छाती

आन् तो टी-शर्ट काय मी शिवला होता, मामा? तुमी मायजवळ म्हणता, कुलदीपनंच सोयरिकीची वाट लावली. बियाण्याच्या कंपनीनं तुमच्या अकोल्याच्या दुकानात फुकट वाटाले दिलेला, वितभर अक्षरात नाव छापलेला टी-शर्ट मी मुंबईले निघताना माझ्या पिशवीत कोणं कोंबला? फोन तुमी उचलत नाही, म्हणून लिहून राहिलो. तर तीर्थरूप जीवनमामाले भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामीचे गुडघे कसे हायेत? माझी तब्येत बरी हाये, इज्जतीचं मात्र काही खरं नाही.

झालं असं, आमच्या प्लायवूडच्या गोदामाले रविवारी सुट्टी. खोलीशेजारचा किशोर टीव्हीच्या नाचाच्या कार्यक्रमाले टाळ्या वाजवणारी माणसं पुरवते. जेवण फुकट, म्हणून मी तोच टी-शर्ट घालून गेलो. क्यामेरा नेमका माझ्यावर आला, आन् मी आनंदाच्या भरात शेंदूरजनाघाटापासून अचलपुरापर्यंत साऱ्याइले कळवून टाकलं. जिच्याशी सुपारी फुटायची बाकी हाये, त्या अचलपूरच्या प्रणालीच्या घरी तर दोनदा. (आपलंच तोंड, आपणच दवंडी.)

कार्यक्रम लागला. तोंड लख्ख, आन् छातीवर हे एवढं धुकं! प्रणालीचे वडील सहदेवराव म्हणाले म्हणे, "टीव्हीवाले दारूची बाटली झाकतेत, उघडं आंग झाकतेत, मुडदा झाकतेत. या पोराच्या छातीवर यातलं काय हाये?" तिची आत्या मनकर्णाबाई म्हणे, "कोड असन." (टी-शर्टाच्या वरून कोड! पण त्या बाईपुढं कोण बोलते?) प्रणालीचा मले एकच मेसेज आला, "नाव कोणाचं गोंदलं, तेवढं सांगा." मी बनियन काढून उघड्या छातीचा फोटो धाडला. घाईत बोट घसरलं, फोटो गेला सहदेवरावाले. आता ते म्हणतेत, "पह्यले झाकून दाखवली, आता उघडी पाठवून राहिला." तवापासून तिकडून काहीच नाही.

किशोरले धरलं, काहून पुसलं रे बापा? तो म्हणे, टीव्हीवर नाव दाखवाचं तर कंपनीनं पैसे मोजाचे. तुझ्या छातीवरचं नाव फुकटात देशभर दाखवलं, तर पैसे देणारी दुसरी कंपनी बोंबलन. म्हणजे मामा, आपल्याकडच्या लग्नासारखंच. अहेर केला त्याचंच नाव माइकवर. रिकाम्या हातानं आला तोही पोटभर जेवून जाते, पण त्याचं नाव कोणी पुकारत नाही. इतकी साधी गोष्ट, पण माझं ऐकते कोण? गोदामात प्लायवूडच्या फळ्या उचलता उचलता मी छातीवर हात फिरवून पाहतो. काहीच नाही तिथं, तरी लाज वाटते.

तुमचा (अजून तरी) भाचा,
कुलदीप

ता. क. वरचं रागारागातलं मामीले वाचून दाखवू नका. सहदेवराव तुमाले मानतेत, माझ्याकडून बोलणारं तिथं दुसरं कोणी नाही. उद्याच अचलपूरले जा आन् ते माइकचं समजावून सांगा. पोरगी चांगली हाये मामा. जाताना अंगात साधा सदरा घाला.

आणखी ता. क. किशोरनं येत्या रविवारी पुन्हा बोलावलं. टीव्हीले जाहिरात देणाऱ्या एखाद्या कंपनीचा टी-शर्ट दुकानात पडला असन, तर पाठवा.

शेवटचं. एसटीच्या भाड्याचे पैसे मोबाइलवर टाकले, ते जायाचे. वापस यायाचे सोयरीक जमली तर टाकीन. सध्या रुपये दीडशे फक्त.