साहेबाच्या आठ गिन्या

धनज, चैत्र वद्य एकादशी

रा. रा. रामकिसनजी साडभाऊ, मुक्काम अमरावती, यांस धनजहून जानरावाचा रामराम पोचावा. कस्तुराबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. त्यांनी सांगितलेला एरंडाच्या पानांचा शेक इकडे आम्ही सगळेच घेत आहोत, कारण घरात धावून न पडलेला एकही माणूस उरलेला नाही. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. पोस्टमननंच ते तुमच्या मेहुणीला, रुख्मिणीला, मोठ्यानं वाचून दाखवलं. "साहेब विलायतेला निघाले. जाताना मला आठ गिनी देऊन गेले. क्वार्टरात ठेवायला जागा नाही, म्हणून तुमच्याकडे रेल्वेनं पाठवतो. सुरुवातीला कोंडून ठेवा, चोरापासून जपा, नीट सांभाळल्या तर दोन वर्षांत चौपट होतील." साडभाऊ, तुम्ही साहेबाच्या बागेवर मुकादम, माझ्यापेक्षा चार इयत्ता जास्त शिकलेले. त्यात 'कोंबड्या' एवढा एक शब्द घालायला तुम्हाला किती शाई लागली असती?

रुख्मिणीनं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. फक्त शेजारी सांगितली, विहिरीवर सांगितली, आणि देवळात देवाला सांगितली तेव्हा आजूबाजूला बायका बसल्या होत्या त्याला ती काय करणार. दिवेलागणीपर्यंत साऱ्या धनजला कळलं की जानरावाकडे सोन्याच्या गिन्या येणार. कामरगावच्या दौलतरावांनाही कळलं. हे दौलतराव म्हणजे ज्यांच्या शालिग्रामसाठी आपली अंजना दाखवली होती. पोरगी पाहून, चिवडा खाऊन गेले, ते दिवाळीपासून हूं का चूं नाही. आता त्यांचा निरोप आला, "आमी सुपारी फोडाले येऊन राह्यलो." मला आनंद झाला, हे कबूल करतो. पोरीचं वय वाढत होतं आणि लोकांच्या जिभाही.

मी शेजारच्या नथ्थूला काठी देऊन बरोबर घेतलं, कंबरेला पैशाचा कसा बांधला आणि कारंज्याच्या टेसनावर गेलो. गार्डानं माझ्या हातात एक भलामोठा टोपला ठेवला. टोपल्यातून असा आवाज आला की नथ्थूची काठी रुळावर पडली. आत पाहतो तर काळ्या अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके, डोक्याला टक्कल, गालाखाली लाल लोळ्या. निकाल विरुद्ध गेलेल्या वकिलासारखी एकेकीची मुद्रा. मी टोपल्याच्या तळाशीही हात घालून पाहिला. (हाताला काय लागलं ते लिहीत नाही, एकादशी आहे.)

गावात मी ओरडून सांगितलं की ह्या कोंबड्या आहेत, गिनी जातीच्या. लोक हसले आणि म्हणाले, "जानराव हुशार हाये. सोनं खाली, पाखरं वर." मग मी खुराडं बांधायला घेतलं, तो तर माझ्या अकलेचा कळसच झाला. कोल्हा आणि रानमांजर इकडे रोजचेच, म्हणून सागवानी खांब रोवले, जुन्या खिडकीचे गज लावले, आत बसायला उंच आडवे दांडे टाकले, खाली पेंढा पसरला. दाराला माझ्या डोक्यातून निघालेली एक खिट्टी केली. दार मिटलं की ती आपोआप बाहेरून पडायची. बाहेरून बोटानं उघडावी, आतून ब्रह्मदेवालाही उघडू नये. मी जितकं मजबूत बांधलं तितकी लोकांची खात्री पटली. कोंबडीसाठी गज कोण लावतो?

पाखरं कोंडली, पण आवाज कोंडता येत नाही. त्यातल्या माद्या दिवसभर दोन अक्षरांत ओरडतात, अगदी "नथ्थू, नथ्थू". (नर एकाच अक्षरावर थांबतो. नर-मादी ओळखायची हीच खूण, असं अंजनानं शोधून काढलं.) पहिले काही दिवस नथ्थू प्रत्येक हाकेला ओ देऊन बाहेर यायचा. आता येत नाही, पण पाच बाया दिवसभर नवऱ्याचं नाव घेतात म्हणून त्याची बायको त्याला भाकर आपटून वाढते. देवळातली भजनी मंडळीही रागावली. ह्यांचा त्रास होतो म्हणून नाही, लोकांना दोन्हींतला फरक कळेना म्हणून.

मग दौलतराव दमणी जुंपून, शालिग्रामला घेऊन आले. मी त्यांना दोनदा खरं सांगितलं. त्यांनी डोळा मिचकावून माझी पाठ थोपटली. हुंड्याची गोष्ट त्यांनी काढलीच नाही, "तुमी कायले काळजी करता" एवढंच म्हणाले. रुख्मिणीनं आतून मला खूण केली की आता तोंड मिटा, अक्षता पडू द्या. आणि साडभाऊ, मी मिटलं. बापाचं तोंड आहे, मिटतं कधी कधी.

सुपारी ताटात आली, तेवढ्यात अंजना माजघरातून उठून सरळ अंगणात गेली आणि खुराड्याचं दार उघडलं. "मामंजी, ह्या आठ गिन्या," ती म्हणाली. "याच्याबिगर आमच्या घरात दुसरी गिनी नाई. मंग सुपारी फोडा नाई तं राहू द्या."

आठही पाखरं एकदम बाहेर उसळली. एक दमणीवर, दोन ताटात, बाकीची छपरावर. दौलतरावांना तरी कुठं पटावं? खुराडं मोकळं झालेलं पाहून ते गुडघ्यावर आले आणि पेंढा चाचपायला आत शिरले. मागून दार मिटलं. खिट्टी पडली.

आता खिट्टी बाहेरून सहज निघते, पण आतून कोणी दार रेटत नसेल तरच. दौलतराव रेटायचे थांबेनात. आम्ही म्हणायचं, "रेटू नका," की ते समजायचे कोंडून लुटतात, आणि आणखी रेटायचे. छपरावरून पाखरं ओरडायची, अंगणातून अर्धं गाव.

"आत काही सापडलं का जी?" नथ्थूनं विचारलं.

"अंडं," आतून आवाज आला. "फुटलं."

शालिग्राम हसू दाबत भिंतीशी बसला. शेवटी अंजनाच गजाजवळ गेली. "मामंजी, जरा दम खा," असं तिनं हळू म्हटलं, ते थांबले, आणि खिट्टी निघाली. डोक्याला फेटा नाही, मिशीला पेंढा. पाणीही न घेता ते दमणीत बसून गेले.

त्या दिवसापासून रुख्मिणी पोरीशी बोलत नाही. अंजना कामं करते, पण जेवत नाही धड. मी तिला रागावणार होतो, पण जे मी बोलायचं ते ती बोलली होती. सारांश, हे पाखरांचं सोंग तुमचं तुम्ही येत्या आठवड्यात येऊन घेऊन जा. नाहीतर मी सणाला कापून खाईन, माळकरी असलो तरी.

तुमचा, जानराव

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहून गेलं, तोवर अर्धा वैशाख सरला. नेण्यासाठी येऊ नका. दौलतरावांचा फेटा खुराड्यात राहिला होता, त्यावर एक मादी अंडी घालून बसली. शालिग्राम तो न्यायला आला, तर अंजना म्हणाली, "बसली हाये, उठवता येत नाई." तो दर बाजाराला येऊन विचारतो, "उठली का?" ती म्हणते, "नाई." एवढंच बोलतात, पण बोलताना फार वेळ लागतो.

ता. क. दुसरा. काल दौलतराव स्वतः आले. फेट्यात पिल्लं होती, ती बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "तुमच्या घरात खरं बोलनारी एकच हाये, ते आमाले द्या." रुख्मिणी रडली आणि पोरीला जवळ घेतलं. लग्न ज्येष्ठात. तुम्ही उभयतांनी आधी यावं. अंजना एक जोडी सोबत नेणार, म्हणून दौलतराव कामरगावी खुराडं बांधतात. माझं बांधकाम त्यांना फार पसंत पडलं, मापं घेऊन गेले. फक्त त्यांच्यासाठी अमरावतीच्या बाजारातून एक चांगली लोखंडी कडी आणा. आतूनही उघडणारी पाहिजे, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.