तळ्याला व्हॉल्व नाही

२ मार्च १९९८
मी आजारी नाही. झोप येत नाही आणि गावाचा राग येतो, याला आजार म्हणतात होय? पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला पाणी मी सोडतो. व्हॉल्वची चावी माझी. मी इथं नगरच्या मनोरुग्ण वॉर्डात, म्हणजे गाव तहानलेलं. आठवड्यात सुटणार!

४ मार्च
थेरपीच्या माधुरी मॅडम सगळ्यांना काहीतरी काम देतात. मला विरंगुळा दिला! कॉम्प्युटरचं हेल्मेट घालायचं, आत तळं दिसतं, होडीत बसून मासे धरायचे. दहा मिनिटं शांत बसलात की घरी सोडू, म्हणाल्या. हा तर माझ्या हातचा मळ.

५ मार्च
बसलो नाही. एवढं पाणी आणि एक मोटार नाही, एक व्हॉल्व नाही! इथला वॉटरमन कोण, म्हणून ओरडलो. मॅडम म्हणाल्या, आसाराम, तिथं कुणी तहानलेलं नाही. मी म्हणालो, काठावर जाऊन विचारलंत का?

९ मार्च, सकाळी
निश्चय. गप्प बसायचं.

दुपारी
चर कुठून काढता येईल तेवढंच वळून पाहिलं. उतार झकास आहे. हेल्मेटची वायर अंगाभोवती गुंडाळली गेली, खुर्चीसकट पडलो. चूक वायरची.

१३ मार्च
मासा लागला. सोडून दिला. ड्युटीवर मी मासे धरत नाही.

१७ मार्च
लाईट गेली. हेल्मेटात मिट्ट काळोख. तरी होडी सोडली नाही. मॅडम म्हणाल्या, पाऊण तास शांत बसलात, पास! शांत कसला, पहारा देत होतो.

२० मार्च
बायको, लंका, न्यायला आली. गावात बोंबाबोंब असेल ना, विचारलं. लंका म्हणाली, न्हाई, पानी येळेवर येतंय, भांडान न्हाई. कोण सोडतंय? म्हणाली, मीच सोडती, पंचायतीनं मलाच लावलंय. तुमाला सांगू नका म्हनले हुते डॉक्टर.

मी हसलो. तात्पुरतं असणार. चावी दे म्हणालो. म्हणाली, माज्या हाताला बसली आता, तुमी आराम करा.

मॅडमना सांगितलं, मी अजून बरा नाही, तळ्याकडं बघायला कुणीतरी पाहिजे. त्या म्हणाल्या, तुम्ही चांगले बरे आहात, खाट दुसऱ्याला दिलीय.

एसटीत लंकानं खिडकीची जागा मला दिली. निवांत भाईर बघत बसा, म्हणाली.

पारनेरपर्यंत मी बाहेर बघितलं नाही.