बटण वाढवण्याआधी

प्रिय मेल्दा, माझ्या पोरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरची हेडविग लिहिते आहे. आपलं अक्षर सुंदर आहे असं तीच म्हणते; मला काय, सगळी अक्षरं सारखीच दिसतात. मी म्हणेन तेच उतरवायचं, अशी तिला ताकीद दिली आहे. तरी मघाशी मी ‘गाढवे’ म्हणाले तिथे तिनं ‘पोरी’ लिहिलं असावं, कारण लिहिताना ती गालात हसत होती.

तुझी आई सांगते, तू इस्पितळ सोडणार. ऑपरेशनच्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाहीस, कुठल्याशा फुलांच्या दुकानात विचारून आलीस. फुलं चांगलीच असतात गं, कुणाला भाजत नाहीत. पण तुला लहानपणापासून फुलांनी शिंका येतात, हे त्या दुकानदाराला सांगितलंस का?

मी दमले आहे, मेल्दा. गुडघे दमलेत, कान दमलेत, आणि ‘पोरीची काही चूक नव्हती’ हे तुझ्या आईच्या तोंडून ऐकून तर मी फारच दमले आहे. चूक होती. डॉक्टर म्हणाले, विजेचा चाकू नीट कापत नाहीये, जोर वाढव. तू बटण वाढवलंस. पुन्हा म्हणाले, पुन्हा वाढवलंस. चादरीखाली, टेबलावरच्या त्या म्हाताऱ्याच्या मांडीवरची विजेची पट्टी अर्धी सुटली होती, आत औषधाचं पाणी गेलं होतं, आणि मांडी भाजेपर्यंत ते कुणीच पाहिलं नाही. डॉक्टरांनीही नाही. पण बटणावर हात तुझा होता. हेडविग म्हणते, हे फार कठोर झालं. होऊ दे. तुला खोटं सांगायला बाकीचे आहेत.

तुला माहीतच आहे, इथल्या कारखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं त्या चाकूला वीज पुरवणाऱ्या पेट्या बनवण्यात गेली. मी ट्रान्स्फॉर्मरवर तारेचे वेढे घालायची. भिंतीतली वीज तशीच माणसात शिरली तर काळीज बंद पाडते. म्हणून पेटी आधी तिला इतक्या वेगानं थरथरवते, की स्नायूंना ती आल्याचा पत्ताही लागत नाही, नुसती आग उरते. माझ्या वेढ्यांच्या एका बाजूला भिंतीकडची वीज, दुसऱ्या बाजूला माणसाकडची, आणि दोघींची भेट कधीच होऊ द्यायची नाही. पिवळं पेडल दाबलं की कापते, निळं दाबलं की रक्त थांबवते. रंग होते म्हणून माझ्यासारखीचं निभावलं. पेटी पारखायला मुकादम खाटकाकडून डुकराचं मांस आणायचा. मी घरून कोंबडीची तंगडी न्यायची. तो ओरडायचा, ‘एल्मासबाई, हे माणसं कापायचं मशीन आहे, कोंबड्या नाही!’ मी म्हणायची, ‘मग आणा माणूस, तुम्हीच झोपा इथे. डुकराला माझा हात लागायचा नाही.’ शेवटी माझ्या बाकावर कोंबडीच चालली, आणि दुपारी सगळा कारखाना भूक लागली म्हणून कुरकुरायचा.

तर ती वीज चाकूच्या टोकातून माणसात जाते आणि मांडीवरच्या पट्टीतून पेटीत परत येते. टोक सुईएवढं, म्हणून तिथे जाळते. पट्टी तळहाताहून मोठी, म्हणून तिथे नुसती कोमट. पट्टी सुटत गेली की परतीची वाट चिंचोळी होते, आणि वर कापणं मंद पडतं. वरचे म्हणतात, वाढव. वाढवलं की खाली कातडी जळते. नवी मशीनं पट्टी सुटताच बोंब मारतात, मांस किती अडवतंय ते बघून जोरही स्वतःच आवरतात. तुमच्या खोलीतली जुनी पेटी मुकी आहे. जेवढं फिरवाल तेवढं देते. तिच्या वाट्याचं लक्ष माणसानं ठेवायचं असतं.

मी त्या म्हाताऱ्याला भेटून आले. मी इस्पितळात कशाला गेले होते ते पुढे सांगते. वेंडेलिन श्ट्रोबेल नाव, जन्मभर बेकरी चालवली. पातळ पोळीत पालक भरून भाजलेलं आपलं ब्योरेक नेलं होतं, तर म्हणतो कसा, ‘खालून जरा जास्त भाजलंय. माझ्यासारखंच.’ मग स्वतःच हसला आणि मांडी ओढली गेली म्हणून कण्हला. मी तुझी आजी आहे असं सांगितलं. तो म्हणाला, ‘आजीबाई, मला राग नाही असं समजू नका. रात्री कूस बदलता येत नाही, सुनेनं तक्रार केलीय ती मी मागे घ्यायला लावणार नाही. पण ती पोरगी रोज येऊन बसायची, ड्रेसिंग बघायची. आता येत नाही. रागवायला माणूस समोर तर पाहिजे!’ मी ब्योरेकचा डबा तिथेच ठेवला आणि खाली येऊन बाकावर बसून राहिले.

आता ऐक. माझ्या आतड्यात गाठ आहे. गुरुवारी कापणार आहेत, तुमच्याच इस्पितळात, त्याच खोलीत. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. हेडविगलाही आत्ताच कळतंय, तिनं पेन खाली ठेवलं आहे. लिही गं बाई, रडायला मागून वेळ आहे. मी मुख्य नर्सला म्हटलं, माझी पट्टी माझी नातच लावेल. ती म्हणाली, रक्ताच्या माणसाला आत घेत नाहीत, नियम आहे. मग कोण लावणार? क्रोएशियाहून नुकतीच आलेली, दोन लेकरांची आई आहे, तिचं नाव जास्मिन्का. हात चांगला आहे, पण या मुक्या पेटीशी तिची ओळख नाही. म्हणून हे पत्र. माझ्या उशाशी येऊन बसू नकोस, मला सोबत नको आहे. तू बुधवारी कामावर जा. त्या बाईला सांग, जागा कोरडी कशी करायची, पट्टी कुठे बसते, कुठे नाही. गुरुवारी मी झोपलेली असेन. डॉक्टर म्हणतील, वाढव. तेव्हा तिनं बटणाला हात लावण्याआधी चादर उचलून बघायला हवं, आणि ते तिला शिकवू शकेल असं त्या इमारतीत तुझ्याखेरीज मला कुणी दिसत नाही.

तुझीच,
आजी एल्मास