एक अक्षर सोडून

सौ. संयोगिताबाईंस गुंडूचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? यजमानांची साखर उतरली का? सूनबाईंचा खोकला, नातवाचे दात, सारं लिहा.

आपलं जुनं संगीत नाटक पोरं परत बसवत्यात. राजारामपुरीत तालीम चालते. तुमचं काम आता प्रीती नावाची पोरगी करते. काल म्हणाली, "आजोबा, ‘अंतरात’ लई गुळमुळीत वाटतंय. ‘काळजात’ म्हणते की! आणि तुमच्या एकाबी पदात ळ कसा न्हाय हो?"

मी म्हटलं, "राहून गेला असेल."

तुम्ही ळ म्हणायला गेलात की ल व्हायचा. पहिल्या प्रयोगाला लोक हसले आणि तुम्ही विंगेत रडलात. त्यानंतर तुमच्या पदांत ते अक्षर मी येऊच दिलं नाही. तुमचं लग्न ठरलेलं, म्हणून बोललो नाही.

प्रीतीचा शब्द चांगला आहे, पण पद तुमचं. तुम्ही म्हणाल तरच बदलीन. मला मात्र सवयच जडली. त्या अक्षराचं नाव आणि पोरीचं बोलणं सोडलं, तर या पत्रातही ते सापडायचं नाही.

तिकीट लावून ठेवलंय. पाकीट यजमान आधी फोडतील, म्हणून हात अडतो. टाकलंच, तर उत्तर लवकर लिहा.

तुमचा पदं लिहिणारा,
गुंडू