पुठ्ठ्याच्या मापाची दारं

सोमवारी दारं कापायला माणसं पाठवतोयस म्हणे! कुणाला विचारून? दार माझं, उंबरा माझा, आणि चूक दुरुस्त करायची हौस तुझी. एकाही दाराला करवत लागली तर मी रस्त्यात खुर्ची टाकून बसेन. मग मला उचलायला किती जण लागतात ते मोजत बस.

असो. रीत सोडू नये म्हणून: चिरंजीव नातवास आजीचे पुष्कळ आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? बसून जेवतोस, की अजून उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकून पळतोस? इकडे सगळे खुशाल. माझे गुडघे तेवढे नाहीत, पण त्यांना मी विचारत नाही.

आता ऐक. बटणांचा कारखाना बंद पडल्यावर आपल्या रस्त्याची काय दशा झाली ते तू पाहिलंस. कुलपं विकणारासुद्धा गाव सोडून गेला (त्याचाच धंदा तेवढा चालायला हवा होता). तुझ्या बापाने शिलाई मशीन पोत्यात गुंडाळलं. शहरात मेहुण्याच्या गोदामावर पहारा करायला निघाला होता. मला म्हणाला, आई, तूही चल, तिकडे खोली आहे. मी विचारलं, खिडकी आहे का? तर म्हणे, बघू. तेवढ्यात, तू इमारतींचे नकाशे काढतोस म्हणून, नगराध्यक्षांनी तुला बोलावलं, की सगळा रस्ता जुन्या काळच्या श्रीमंत पेठेसारखा करून दे, म्हणजे बाहेरचे लोक बघायला येतील. तू पुठ्ठ्याचा नमुना करून आणलास. त्यांची नजर अधू, म्हणून दारं-खिडक्या मुद्दाम मोठ्या केल्यास. समजूतदार आहेस. पण ते सुताराला कोण सांगणार? (बापावर गेलास. त्यानेही लग्न ठरवलं ते मला सोडून सगळ्यांना सांगितलं होतं.) सुताराने पट्टी घेऊन नमुना मोजला आणि अगदी इमानदारीत त्याच पटीने दारं केली. तू पाहणीला आलास, माझ्या दारापुढे उभा राहिलास, टाचा उंचावल्यास तरी कडीला हात पोचेना, आणि जो पांढराफटक होऊन गेलास तो अजून फिरकला नाहीस.

तुझ्या मागे काय झालं ते तरी विचारायचंस. कोपऱ्यावर एक बस बंद पडली. प्रवासी पाय मोकळे करायला आपल्या रस्त्याने आले. एक चांगला जाडजूड मिशीवाला गृहस्थ माझ्या दारापुढे उभा राहिला आणि एवढासा दिसायला लागला, शाळा सुटल्यावर घरचं कुणी न्यायला न आलेल्या पोरासारखा. त्याची बायको हसता हसता खालीच बसली. (मीही हसले. तोंडावर हसू नये एवढं कळतं, पण जमलं नाही.) पुढच्या आठवड्यात तीच माणसं आपल्या भावंडांना घेऊन आली, आणि आता तर रीघ लागलेली असते. मोठमोठे साहेब कडीला हात लागावा म्हणून उड्या मारतात. मला विचारतात, आजी, तुमच्या घरात पूर्वी सगळे उंच होते का? मी सांगते, हो, मीही होते, संसार करून झिजले.

तुझ्या बापाने मशीन पोत्यातून सोडवलं. दाराच्या मापाचा एक सदरा शिवून दुकानाबाहेर टांगला. त्याच्या एकेका बाहीत अख्खं कुटुंब शिरतं, फोटो काढतं, आणि लाजेकाजेस्तव स्वतःच्या मापाचंही काहीतरी शिवायला टाकतं. गोदामाचं नावसुद्धा तो आता काढत नाही. मी कुणाची तोंडदेखली स्तुती करत नाही, तुला माहीत आहे. लहानपणी तू काढलेल्या चित्राला मी गाढव म्हटलं होतं, आणि तो तुझा काका निघाला. पण हे लिहून देते: तुझ्यामुळे माझा मुलगा माझ्या घरात आहे. मशीनचा आवाज दिवसभर डोक्यात जातो. जाऊ दे.

आणि तू अध्यक्षांना कळवतोस की चूक माझी, सगळी दारं योग्य मापाची करून देतो! अध्यक्ष पडले सरळ माणूस. आम्ही सगळे त्यांच्याकडे जाऊन बसलो, सुतारही आला, पण त्यांचं एकच: ज्याने नमुना केला तोच चूक म्हणतोय, तर मी कोण? त्यानेच नको म्हटलं तर थांबवतो. अरे, दारं कापलीस की हसायला येणारे थांबतील, आणि तुझा बाप पुन्हा मशीन पोत्यात घालेल. लाज वाटते तर वाटू दे, तुझी तू सांभाळ. आमच्या दारांवर काढू नकोस.

तुझी
आजी

ता. क. रागावलेली नाही. रागावले असते तर दोन ओळींत आटोपलं असतं.

आणखी एक ता. क. सुताराला असा हुरूप आला की त्याने माझ्या न्हाणीघराचं दारही त्याच मापाचं करून टाकलं. कडी वर, मी खाली. आत कुणीतरी आहे हे कळावं म्हणून आंघोळ संपेपर्यंत मी मोठमोठ्याने बोलत राहते. परवा बाहेरून एक पाहुणी उत्तरं द्यायला लागली. तिला वाटलं, हाही बघण्यातलाच प्रकार. तर तेवढं एक दार मात्र काप. त्याला माणसं पाठवायची नाहीत, तू स्वतः यायचं.

उत्तर तूच लिही, सोमवारच्या आत, आधी अध्यक्षांना आणि मग मला. ऑफिसातल्या कुणाकडून लिहवून घेतलंस तर न वाचता परत पाठवीन.